पाण्याची खूण

अमेरिकेच्या दक्षिणेकडील गवताळ मैदानांत राहणाऱ्या कायोवा लोकांना पाण्याचा जणू साक्षात्कार होत असे, असे कौतुकाने म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. मला हे कौतुक फारसे रुचत नाही. आपल्याकडचा पाणाड्या उंबराचे बेचके धरून शेतातून चालतो, ते वाचकांनी पाहिले असेल. तसलेच बेचके घेऊन धातू शोधणारे जर्मन खाणकामगार अॅग्रिकोलाच्या १५५६ सालच्या ग्रंथात भेटतात. अमेरिकेत ते पोचले गोऱ्या वसाहतवाल्यांबरोबर. काटेकोर चाचण्यांत त्या फांदीने योगायोगापलीकडे काही दाखविलेले नाही.

मैदानात हिंडणाऱ्या माणसाला तिची गरजही नव्हती. कॉटनवुडची झाडे क्षितिजावर दिसली, की तिथे ओढा आहे, निदान वाळूखाली ओल आहे, हे कळे. रानगव्यांच्या कळपांनी पाडलेल्या वाटा पाण्याकडे उतरत. तिन्हीसांजेला होले पाण्याच्या रोखाने उडत. हे सारे पाहणाऱ्याला अद्भुत शक्ती चिकटवली, की त्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणाचे श्रेय आपण हळूच काढून घेतो!

मग यात अध्यात्म काहीच नाही का? आहे, पण ते निराळ्या जागी आहे. ज्या कॉटनवुडने पाणी सांगितले, त्याचाच खांब रोवून आणि त्याच्याच फांद्यांनी कायोवा लोक सूर्यनृत्याचा मांडव उभारीत. त्या झाडाला कापूस धरला, की उत्सवाचे दिवस आले असे समजत. खूण आणि दैवत यांत त्यांनी भिंत घातली नाही. सेट्टान नावाच्या कायोवाने चित्रांतून राखलेली कालगणना १८३३ पासून सुरू होते. तीत उन्हाळा ओळखायचा तो बहुधा या मांडवाच्या चित्रावरून. १८७९ चा उन्हाळा मात्र घोडे खाल्ल्याचा म्हणून नोंदला आहे, कारण गवे संपले होते. शेवटचे सूर्यनृत्य १८८७ साली झाले. १८९० मध्ये पुन्हा मांडव घातला, तेव्हा सैनिक येत असल्याची वार्ता आली आणि तो तसाच सोडून द्यावा लागला.

खरा प्रश्न इथे उभा राहतो. पाणी ओळखण्याची विद्या म्हणजे पाण्याकडे चालत जाण्याची विद्या. १८६७ च्या तहात असे वचन होते, की तीनचतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्यांवाचून जमीन घेतली जाणार नाही. तरी १९०१ साली माणशी १६० एकरांचे तुकडे पाडले गेले आणि उरलेली जमीन सोडतीने वसाहतवाल्यांना वाटली. १९०३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की काँग्रेसला तह मोडता येतो. आता होले कुठे उडतात हे कळून तरी काय उपयोग? पाणी कुंपणापलीकडे असेल, तर ज्ञान तसेच राहते आणि घसा कोरडा पडतो. ज्यांनी ते कुंपण घातले, त्यांच्याच वंशजांनी पुढे त्या ज्ञानाची गूढ म्हणून आरती ओवाळावी, हे मला शोभेसे वाटत नाही.

पण पाण्याशी नाते तुटले नाही. पेयोटे निवडुंगाच्या रात्रभर चालणाऱ्या प्रार्थनेत (ओक्लाहोमात तिचे चर्च १९१८ साली रीतसर नोंदले गेले) लोखंडी भांड्यावर चामडे ताणून ढोल करतात. त्याच्या आत पाणी असते. मध्यरात्री एकदा पाणी येते. पहाटे दुसऱ्यांदा येते, ते एक स्त्री घेऊन येते. ती प्रार्थना करते, थोडे पाणी जमिनीला देतात, आणि मग भांडे एकेकाच्या हातून वर्तुळात फिरते.