धुऱ्याची मोजणी आणि आकाशातली राखण

मंगरूळपीर किंवा रिसोडकडचा शेतकरी खरिपात सोयाबीनच्या उभ्या पिकात जाऊन मोबाइलवर ई-पीक पाहणी करतो. गट क्रमांक निवडायचा, अक्षांश-रेखांश येईपर्यंत थांबायचं, मग फोटो. त्या थांबण्याच्या वेळात फोन वीसेक हजार किलोमीटरवरच्या उपग्रहांचे क्षीण संदेश टिपत असतो. ते मिळाले की सातबाऱ्यावर पेरा चढतो, आणि नुकसानभरपाईपासून हमीभावाच्या नोंदणीपर्यंत पुढचं बरंच काही त्या पेऱ्यावर ठरतं. रोव्हर घेऊन आलेला भूमी अभिलेखचा मोजणीदारही धुऱ्याची हद्द याच संदेशांवरून काढतो. वाशीम आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असेल, पण उपग्रहांवर विसंबण्यात तो पुण्या-मुंबईच्या मागे नाही.

ही व्यवस्था राखायची कशी, हा विषय निघाला की आपली गाडी 27 मार्च 2019 पाशी येऊन थांबते. त्या दिवशी ‘मिशन शक्ती’त आपण सुमारे 300 किलोमीटर उंचीवरचा आपलाच मायक्रोसॅट-आर उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला. कामगिरी मोठीच, पण तिने राखण कशाची झाली? हवामानाचे इन्सॅट उपग्रह 36,000 किलोमीटरवर आहेत. त्यांचे संदेश कुणी दाबले, तर हे क्षेपणास्त्र फार तर समोरच्याचा खालच्या कक्षेतला एखादा उपग्रह फोडेल. मग तुकड्यांचं काय? चीनने जानेवारी 2007 मध्ये सुमारे 860 किलोमीटरवर स्वतःचा फेंगयुन-1सी फोडला. नोंद ठेवता येण्याजोगे 3,000 हून अधिक तुकडे झाले आणि त्यातले पुष्कळ अजून फिरताहेत. पिकांवर नजर ठेवणारा आपला रिसोर्ससॅट-2ए साधारण 817 किलोमीटरवरून, म्हणजे त्याच गर्दीतून जातो. आपले तुकडे 45 दिवसांत जळून जातील, असं तेव्हा सांगितलं गेलं होतं. त्यातले काही वर्ष उलटून गेल्यावरही वरच होते.

खरा घाव कुठे बसतो, ते युक्रेनमध्ये दिसलं. 24 फेब्रुवारी 2022 ला रशियन फौजा घुसण्याच्या तासभर आधी व्हायासॅट कंपनीच्या केए-सॅट उपग्रह इंटरनेट सेवेवर सायबर हल्ला झाला. उपग्रहाला ओरखडाही गेला नाही. जमिनीवरचे हजारो मोडेम मात्र बंद पडले. जर्मनीतल्या 5,800 पवनचक्क्यांचा दूरस्थ संपर्कही त्यात तुटला.

आपल्याकडे तर शत्रूचीही गरज पडली नाही. जीपीएसवर विसंबायला नको म्हणून उभारलेल्या नाविक प्रणालीत आजवर 11 उपग्रह सोडले. त्यातले फक्त 4 स्थान सांगण्याचं काम करताहेत, असं जुलै 2025 मध्ये सरकारनेच संसदेत सांगितलं. काहींची आण्विक घड्याळं बिघडली. जानेवारी 2025 मध्ये सोडलेला एनव्हीएस-02 तर ठरलेल्या कक्षेत पोहोचलाच नाही. घड्याळं देशी बनवणं, वर राखीव उपग्रह ठेवणं, जमिनीवरची केंद्रं आणि त्यांची संगणकं मजबूत करणं, ही संरक्षणाचीच कामं आहेत. त्यांचं थेट प्रक्षेपण होत नाही, एवढंच. इस्रोचा ‘नेत्र’ प्रकल्प वरच्या वस्तूंवर पाळत ठेवतो. मला तो क्षेपणास्त्रापेक्षा जास्त मोलाचा वाटतो.

2019 ची चाचणी चुकली, असं मात्र मी म्हणणार नाही. 1 जानेवारी 1967 पूर्वी अणुस्फोट केलेल्यांनाच अण्वस्त्रधारी मानणाऱ्या करारामुळे आपण कायमचे दाराबाहेर राहिलो. अंतराळात तसं होऊ नये, ही भीती रास्त होती. पण आता आपण दाराच्या आत आहोत. 1967 चा अंतराळ करार कक्षेत फक्त अण्वस्त्रं आणि तत्सम सर्वसंहारक अस्त्रं ठेवू देत नाही. जमिनीवरून उपग्रह फोडण्यावर त्यात बंदी नाही. अशा विध्वंसक चाचण्या करू नयेत, असा ठराव डिसेंबर 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आला. 155 देश बाजूने उभे राहिले, आपण तटस्थ. कायदेशीर बंधन असलेला करारच हवा, ही दिल्लीची भूमिका तत्त्वतः बरोबर आहे. पण असा करार दशकानुदशकं रखडलेला असताना एकतर्फी वचन देण्यात आपलं काही जात नाही. समोरचा ते मोडेल, अशी शंका असेल, तर इथे लपवाछपवीला जागाच नाही: फुटलेल्या उपग्रहाचे तुकडे जगभरच्या रडारांवर दिसतात.