लिलावातलं घर आणि तळतळाट

येशूच्या जन्माआधीच्या काळात यहुद्यांच्या देशात घरं विकत घेणाऱ्यांनी एक चलाखी शोधून काढली होती. तटबंदी असलेल्या नगरातलं घर कुणी विकलं, तर एका वर्षाच्या आत पैसे परत करून ते सोडवून घेण्याचा हक्क त्याला होता. वर्ष उलटलं की घर कायमचं घेणाऱ्याचं. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकातला हा नियम. मग घेणारे काय करत, तर वर्षाच्या शेवटच्या दिवशी लपून बसत. विकणारा पैसे गाठीला बांधून शोधत फिरे, दिवस मावळे आणि घर हातचं जाई. हिल्लेल या धर्मगुरूने यावर तोडगा दिला. पैसे मंदिराच्या कोठीत भरा, दार फोडा आणि आपल्या घरात जा; घेणाऱ्याला वाटेल तेव्हा त्याने कोठीतून आपले पैसे उचलावेत. मिश्ना या यहुदी धर्मविधींच्या संग्रहात ही हकीकत नोंदलेली आहे.

दार फोडण्याची परवानगी एका धर्मपुरुषाने द्यावी, हे थोडं थांबून पाहण्यासारखं आहे. सौदा खरा होता, पैसे मोजलेले होते, मुदत मान्य होती. तरीही दुसऱ्याच्या अडचणीतून मिळालेलं घर नुसत्या कॅलेंडरच्या जोरावर आपलं होतं का, हा प्रश्न हिल्लेलला पडला. आज तोच प्रश्न अमेरिकेतल्या काउंटी कचेऱ्यांमध्ये आणि लिलावाच्या संकेतस्थळांवर उभा राहतो. फक्त तिथे त्याला कुणी धर्माचा प्रश्न म्हणत नाही.

अमेरिकेत घरपट्टी हा स्थानिक कारभाराचा कणा आहे. शाळा, रस्ते, अग्निशमन दल यांचा बराचसा खर्च तिच्यातून निघतो. ती थकली की काही राज्यांत घरच लिलावात निघतं, तर काही राज्यांत थकबाकी वसूल करण्याचा हक्क विकला जातो. टेक्सासमध्ये राहतं घर असं गेलं, तर मूळ मालकाला दोन वर्षांपर्यंत ते सोडवता येतं; पहिल्या वर्षी घेणाऱ्याला वर २५ टक्के द्यावे लागतात, दुसऱ्या वर्षी ५० टक्के. चार पैसे गाठीला असणाऱ्या माणसाला हे आकडे भुरळ घालतात. मातीमोल भावात घर, नाहीतर जबर व्याज, दोन्हीकडून फायदाच.

ज्यांनी हा व्यवहार केला आहे ते मात्र वेगळी यादी सांगतात. घर बहुधा आतून पाहता येत नाही. आत कुणी राहत असेल तर त्याला बाहेर काढण्याचा खटला आणि खर्च घेणाऱ्याच्या माथी. नगरपालिकेने पाडण्याचा आदेश काढलेला असला तर तोही घराबरोबर येतो. केंद्र सरकारच्या कराचा बोजा असेल, तर अनेक प्रकरणांत घर सोडवून घ्यायला सरकारला १२० दिवस मिळतात. शिवाय मालकीहक्काचा विमा उतरवणाऱ्या टायटल इन्शुरन्स कंपन्या अशा कागदावर सहसा विमा देत नाहीत. आधी कोर्टातून मालकी निर्विवाद करून आणा म्हणतात. तोवर बँक कर्ज देत नाही आणि दुसरा घेणारा फिरकत नाही. भाव पडलेला असतो तो विटा-सिमेंटमुळे नव्हे. जो बाहेर पडला त्याचं म्हणणं अजून कुणी ऐकलेलं नसतं, आणि ते पुढे कधी ऐकलं जाईल हे कुणाला ठाऊक नसतं.

१९८३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण आलं. इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट काउंटीत मेनोनाइट पंथाच्या मिशन मंडळाने एक मालमत्ता विकली होती आणि उरलेल्या रकमेसाठी ती गहाण ठेवून घेतली होती. घरपट्टी घेणाऱ्याने भरायची, असं ठरलेलं. त्याने मंडळाचे हप्ते चुकवले नाहीत, पट्टी मात्र भरली नाही. काउंटीने वर्तमानपत्रात जाहिरात दिली, कचेरीच्या दारावर नोटीस लावली आणि १९७७ मध्ये लिलाव उरकला. मालमत्ता गेली ११६७ डॉलर ७५ सेंटना. मंडळाला दोन वर्षं पत्ताच नाही, कारण हप्ते येतच होते! न्यायालयाने निकाल दिला की ज्याचं नाव-गाव सरकारदप्तरी आहे, त्याला जाहिरात देऊन भागत नाही; त्याला थेट कळवलं पाहिजे. तोवर लिलावात घेणाऱ्याने मालकीचा कागद हाती घेतला होता आणि त्याच्या बळावर कोर्टातही लढून पाहिलं होतं.

२००६ च्या ‘जोन्स विरुद्ध फ्लॉवर्स’ खटल्याने ही गोष्ट आणखी पुढे नेली. अर्कान्सा राज्याने मालकाला रजिस्टर पत्रं पाठवली, पण घरात तो राहत नव्हता. पत्रं परत आली आणि सरकारने पुढे काहीच केलं नाही. सुमारे ८० हजार डॉलरचं घर २१,०४२ डॉलरना विकलं गेलं. पाच विरुद्ध तीन मतांनी न्यायालय म्हणालं की पत्र परत आल्याचं दिसत असताना हात झटकणं हे न्यायाला धरून नाही. घरावर निदान एखादी चिठ्ठी तरी डकवायची.

मराठी घरांमध्ये जुनी माणसं लिलावातलं सोनं किंवा जप्तीतलं घर घ्यायला कचरतात. ‘तळतळाट लागतो,’ म्हणतात. शिकलेली पिढी हसते, आणि शापाने भिंती खचत नाहीत हे खरंच आहे. पण यातला दैवी भाग बाजूला काढला तरी एक दावा शिल्लक राहतो: बाहेर पडलेल्याचा हक्क घेणाऱ्याची पावती फाडली की संपत नाही. एल्कहार्ट आणि अर्कान्साच्या खटल्यांमध्ये न्यायाधीशांनी नोटिशीच्या भाषेत याहून वेगळं काय सांगितलं?

आपल्या धर्मशास्त्रालाही हा प्रश्न ठाऊक होता. मालक नसलेल्याने केलेल्या विक्रीचं एक स्वतंत्र प्रकरणच स्मृतींमध्ये आहे. दुसऱ्याने विकलेली आपली वस्तू मूळ मालकाला परत मिळते, असं याज्ञवल्क्य सांगतो आणि घेणाऱ्यालाही सोडत नाही. खरेदी उघडपणे झालेली नसेल तर दोष त्याचा. एकांतात, अवेळी किंवा फार कमी किमतीत घेतली असेल तर तो चोरासारखाच. विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली ती याच स्मृतीवर, आणि महाराष्ट्रात हिंदू कायदा पिढ्यान्‌पिढ्या तिच्या आधाराने चालला. त्या नियमातली फार कमी किमतीची अट महत्त्वाची. वस्तू एवढी स्वस्त का, हे घेणाऱ्याने स्वतःला विचारायला हवं होतं. न विचारणं हाच त्याचा अपराध.

करलिलावातला घेणारा चोर नव्हे, हेही तितकंच खरं. विकणारं सरकार आहे, बोली सर्वांसमोर लागते, भरदिवसा लागते. कुणीच पट्टी भरली नाही तर शाळा बंद पडेल, आणि ओसाड पडलेलं घर कुणीतरी हाती घेतलं तर गल्लीचं भलंच होतं. बरेचसे घेणारे लहान माणसं असतात, आयुष्याची पुंजी लावतात, आणि नोटीस चुकली सरकारची तरी फटका बसतो त्यांना. याज्ञवल्क्याची मोजपट्टी इथे जशीच्या तशी लागत नाही.

जवळची लागते ती पुन्हा मिश्नातलीच. रोमन सत्तेशी झालेल्या युद्धानंतर यहुद्यांच्या जमिनी जप्त झाल्या आणि बळकावणाऱ्यांनी त्या विकायला काढल्या. त्यांच्याकडून घ्यावी की नाही? पहिला नियम कडक होता. आधी बळकावणाऱ्याकडून घेतली आणि मग मूळ मालकाची संमती मिळवली, तर तो सौदा रद्द, कारण ती संमती भीतीपोटी दिलेली. परिणाम असा झाला की यहुदी माणसं जमीन घेईनात आणि ती परक्यांकडेच राहू लागली. पुढच्या न्यायसभेने नियम बदलला: घ्या, पण चौथा हिस्सा मूळ मालकाला द्या. मालकाला स्वतः घेणं परवडत असेल तर मात्र पहिला हक्क त्याचा. इसवी सन २०० च्या आसपास धर्मगुरू यहुदा हानासी यांनी न्यायसभा भरवली आणि आणखी एक दुरुस्ती केली. जमीन बारा महिने बळकावणाऱ्याकडे राहिली, तर जो आधी येईल त्याने ती घ्यावी. चौथा हिस्सा मात्र तेव्हाही मूळ मालकाचाच.

या तोडग्यात खरेदीवर बंदी नाही आणि घेणाऱ्याला निर्दोषत्वाचं प्रमाणपत्रही नाही. स्वस्ताईतला काही भाग मुळात घेणाऱ्याचा नव्हेच, एवढंच त्यात मान्य केलं आहे. लिलावात घेणाऱ्यासाठी इतकी व्यवहारी नीती दुसरीकडे शोधून सापडणं अवघड.

अमेरिकेतल्या काही राज्यांना हे उमगायला २०२३ उजाडावं लागलं. मिनियापोलिसमधल्या एका वृद्धेच्या फ्लॅटची २३०० डॉलर घरपट्टी थकली. व्याज आणि दंड धरून आकडा १५ हजारांवर गेला. हेनेपिन काउंटीने फ्लॅट ४० हजारांना विकला आणि वरचे २५ हजार खिशात घातले. बाई ९४ वर्षांच्या असताना ‘टायलर विरुद्ध हेनेपिन काउंटी’ खटल्याचा निकाल एकमताने त्यांच्या बाजूने लागला. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी मॅग्ना कार्टापर्यंत मागे जाऊन दाखले दिले आणि सीझरचं सीझरला द्यावं या येशूच्या वचनाला मर्यादा घातली: सीझरला त्याचं द्यायचं, त्याहून जास्त नाही. मिशिगनमध्ये तर याआधी एका मालकाची ८ डॉलर ४१ सेंट पट्टी कमी भरली गेली म्हणून त्याचं घर २४,५०० डॉलरना विकून काउंटीने सगळी रक्कम ठेवून घेतली होती. २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं.

मुंबई इलाख्यातल्या जुन्या वकिलाला मिनियापोलिसचा हिशोब ऐकून दामदुप्पट आठवलं असतं. हिंदू कायद्यातल्या या नियमाने एका वेळी वसूल होणारं व्याज मुद्दलापेक्षा वाढू शकत नाही. २३०० चे फार तर ४६०० झाले असते. सरकारच्या वसुलीला हा नियम लागू नव्हता, पण सावकाराला जी लाज ठेवावी लागे ती काउंटीला का नसावी? कौटिल्य मात्र काउंटीच्या बाजूने बोलला असता. वास्तूची विक्री शेजाऱ्यांसमोर तीनदा पुकारून करावी, आणि चढाओढीने भाव वाढला तर वाढीव रक्कम शुल्कासह राजकोशात जावी, असं त्याचं अर्थशास्त्र सांगतं. राजकोश भरण्याच्या बाबतीत तो कधीच भिडस्त नव्हता.

आता डेट्रॉइट. शहर ओसरत गेलं, घरांच्या किमती कोसळल्या, पण पट्टी आकारणारी दप्तरं जुन्याच किमतींवर बसून राहिली. २०१० ते २०१६ या काळात घरमालकांवर किमान ६० कोटी डॉलर जादा पट्टी लादली गेली, असा हिशोब ‘डेट्रॉइट न्यूज’ने २०२० मध्ये मांडला. त्याच काळात, शहर जिच्यात येतं ती वेन काउंटी दरवर्षी हजारोंनी घरं लिलावात काढत होती आणि पहिल्या फेरीत न गेलेल्या घरांची बोली ५०० डॉलरपासून सुरू होत होती. म्हणजे थकबाकीच मुळात खोटी असण्याची शक्यता होती, आणि घेणाऱ्याला ते कळायला काही मार्ग नव्हता. इथे तळतळाट कुणाला लागावा? आकारणी करणाऱ्याने घर घेतलेलं नाही, आणि घेणाऱ्याने आकारणी केलेली नाही. पाप इतक्या टेबलांवरून फिरतं की शेवटी कुणाच्याच नावावर राहत नाही.

सगळ्यांचाच तळतळाट मात्र वाऱ्यावर जात नाही. सॅन फ्रान्सिस्कोत प्रेसिडिओ टेरेस नावाची कोट्यधीशांची खासगी गल्ली आहे. तिच्या रस्त्याची आणि पदपथांची वर्षाला अवघी १४ डॉलर पट्टी वर्षानुवर्षं थकली, कारण बिल जुन्या हिशोबनिसाच्या पत्त्यावर जात राहिलं. २०१५ मध्ये शहराने रस्ताच लिलावात काढला आणि एका जोडप्याने तो ९०,१०० डॉलरना घेतला. दोघेही आशियातून आलेले स्थलांतरित. आणि १९४८ पर्यंत ही गल्ली करारानेच फक्त गोऱ्यांसाठी राखलेली. रहिवाशांना खबर लागायला दोन वर्षं गेली. मग २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये शहराच्या पर्यवेक्षक मंडळाने सात विरुद्ध चार मतांनी विक्री रद्द केली. चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या नोटिशीचा युक्तिवाद इथेही तोच होता. अर्कान्सातल्या माणसाला त्यासाठी वॉशिंग्टनपर्यंत जावं लागलं. या गल्लीला आपल्याच नगरमंडळात न्याय मिळाला.

महाराष्ट्रातही हा व्यवहार अनोळखी नाही. जमीन महसूल अधिनियमाखाली लिलाव झाला, तर मालकाला ३० दिवसांत थकबाकी आणि वर घेणाऱ्यासाठी बोलीच्या ५ टक्के भरून तो रद्द करून घेता येतो. घेणाऱ्याच्या हिरमोडाची कायद्याने ठरवलेली किंमत ती एवढीच. आणि बोली लागलीच नाही तर जमीन नाममात्र रकमेत सरकारकडे जाते. अशा आकारीपड जमिनी बारा वर्षांत सोडवल्या नाहीत तर मूळ शेतकऱ्याला परत मिळण्याची वाट बंद होत असे. २०२५ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने त्या परत करण्याची वाट उघडण्याचा निर्णय घेतला, तोवर अनेक ठिकाणी मूळ खातेदारांची नातवंडं हयात होती.

डेट्रॉइटमध्ये मात्र २०१७ मध्ये वेगळा प्रयोग सुरू झाला. लिलावाआधीच घर घेण्याचा शहराचा कायदेशीर अग्रहक्क असतो. तो वापरून शहराने माणसं राहत असलेली घरं उचलली आणि एका गृहनिर्माण संस्थेमार्फत आत राहणाऱ्या भाडेकरूंनाच विकली, तीही थकबाकीच्या आसपासच्या किमतीत. परवडत असेल तर पहिला हक्क आतल्या माणसाचा, हा नियम तिथल्या अधिकाऱ्यांना मिश्नातून सापडलेला नव्हता. घर रिकामं करून लिलावात काढलं की ते लुटलं जातं, तांब्याचे पाइपही जागेवर राहत नाहीत आणि पुढे पाडण्याचा खर्च शहरालाच येतो, एवढा हिशोब त्यांना पुरेसा होता.