गुरुजींचे सेवापुस्तक

शिक्षकाच्या सेवापुस्तकातील किती पाने लोकांसमोर उघडी असावीत, हा प्रश्न वरवर पाहता कचेरीतील कारकुनाचा वाटतो. परंतु ज्याच्या हाती आपण मुलाची पहिली अक्षरे सोपवितो, त्याच्याविषयी काय जाणण्याचा आपणांस अधिकार आहे, हाच त्यामागील खरा प्रश्न होय.

३ ऑक्टोबर २०१२ रोजी गिरीश रामचंद्र देशपांडे यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, सरकारी नोकरास मिळालेल्या नोटिसा व शिक्षा ही नोकर आणि मालक यांच्यामधील बाब असून, व्यापक लोकहित दाखविल्यावाचून ती तिऱ्हाइतास देता येत नाही. खटला भविष्यनिर्वाह निधीच्या अधिकाऱ्याचा होता. तत्त्व मात्र शिक्षकासही लागू पडते. पुढे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराचे संबंधित कलम अधिकच आखडले, आणि नोव्हेंबर २०२५ पासून ती दुरुस्ती अंमलात आली. लोकहित हानीहून मोठे असल्यास माहिती देण्याची मुभा आठव्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात तेवढी उरली आहे.

ह्या सावधगिरीस कारण नाही असे आम्ही म्हणत नाही. कर्जत तालुक्यातील कडावसारख्या गावी गुरुजी कोठे राहतात, भाजी कोणाकडून घेतात, हे सर्वांस ठाऊक असते. तेथे त्यांच्या आजारपणाची रजा, कर्ज, वारसदाराचे नाव हीही चव्हाट्यावर आली, तर माणसास उरले काय? शिवाय अर्जदार नेहमी पालकच असतो असे नाही. बांधावरून भांडणारा भाऊबंदही असू शकतो.

परंतु पदवी खरी आहे काय, मुलांशी दुर्वर्तन केल्याचा आरोप चौकशीत सिद्ध झाला आहे काय, ही पाने शिक्षकाच्या घरची नव्हेत. ती वर्गातली आहेत. पात्रता परीक्षेतील गैरप्रकारांमुळे ऑगस्ट २०२२ मध्ये महाराष्ट्रात ७,८०० हून अधिक उमेदवारांचे निकाल रद्द झाले. ते पोलिसांच्या तपासामुळे, कोणा पालकाने कागद पाहिल्यामुळे नव्हे. भोवतालच्या वाडीवरील कातकरी बापाने लोकहित सिद्ध करावे तरी कसे? पुरावा कुलपात, आणि किल्ली मागण्यास पुरावा हवा! गंमत अशी की, शिक्षकाचे मासिक वेतन चौथ्या कलमान्वये आपण होऊन जाहीर करावयाचे असते. गुरुजींस किती मिळते हे कळावे, ते निलंबित का झाले हे मात्र कळू नये, ही वाटणी आम्हांस उलटी वाटते. अर्थात सिद्ध न झालेला आरोप झाकलेलाच राहिला पाहिजे.

आणखी एक गोष्ट ध्यानात येत नाही. माहिती द्यावयाचा विचार असेल तरच अकराव्या कलमान्वये त्या शिक्षकाचे म्हणणे मागवितात. नाकारावयाची असेल, तर त्याच्या नावाने दार लावले जाते आणि त्यास त्याचा पत्ताही नसतो. विचारले असते, तर कित्येक शिक्षकांनी आपली पदवी आनंदाने पालकांपुढे ठेवली असती, अशी आमची समजूत आहे.