थांबविणारा खटका

नीतिविषयक प्रश्नांची चर्चा करितांना आपण बहुधा मोठमोठीं उदाहरणें घेतों. राजानें युद्ध करावें कीं न करावें, एकाच्या प्राणासाठीं अनेकांचा बळी द्यावा कीं नाहीं, अशा प्रश्नांवर बुद्धि चालविण्याचा आपणांस सराव असतो. परंतु ज्या प्रश्नांचा निर्णय माणसाला रोज सकाळीं करावा लागतो ते इतके भव्य नसतात. ते एखाद्या यंत्राच्या बाजूला दोन-चार स्क्रूंनीं बसविलेल्या खटक्याएवढे असतात. अशाच एका खटक्याचा विचार आम्हांस येथें करावयाचा आहे.

लांकडी सामान करणाऱ्या लहानशा कारखान्यांत जी चक्राकार करवत असते, व जिला आपले मिस्त्री टेबल सॉ किंवा नुसतें कटर म्हणतात, ती बहुतेक वाचकांनीं पाहिली असेल. मेजाच्या मधोमध एक फट असते. तिच्यांतून दातेरी पातें वर डोकावत असतें. खालीं मोटर असते. पातें मिनिटाला तीन-चार हजार फेरे घेतें, आणि कारागीर फळी हातांनीं धरून त्याच्याकडे ढकलीत नेतो. आतां असें समजा कीं, या यंत्राचा खटका बिघडला आहे. एकदां दाबल्यानें मोटर बंद होतेच असें नाहीं. कधीं तो दोनदां दाबावा लागतो. कधीं वर तळहाताची एक थाप मारावी लागते. ही गोष्ट मालकास ठाऊक आहे, मिस्त्रीस ठाऊक आहे, झाडलोट करणाऱ्या पोरासही ठाऊक आहे; आणि काम चाललें आहे. हें असें चालूं द्यावें काय, असा प्रश्न केल्यास जो तो नाहीं असेंच म्हणेल. उत्तर इतकें सोपें असतां खटका मात्र महिनोन्महिने तसाच राहतो. तो कां राहतो, हाच आमच्या मतें खरा विचारणीय प्रश्न होय.

या खटक्याचे बिघाड दोन प्रकारचे असतात. करवतीचा भुसा अत्यंत बारीक. तो खटक्याच्या पेटींत शिरतो आणि ज्या धातूच्या टोंकांनीं एकमेकांस स्पर्श करावयाचा त्यांच्यामध्यें बसतो. मग वीज पुढें जात नाहीं व यंत्र सुरूच होत नाहीं. हा पहिला प्रकार. दुसरा याच्या उलट. मोटर सुरू होतांना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते, आणि खटका जुळतांना व उघडतांना त्या टोंकांमध्यें ठिणगी पडते. वर्षानुवर्षें ठिणग्या खाऊन टोंकें खडबडीत होतात. एखादे वेळीं तीं वितळून एकमेकांस चिकटतात. मग खटका वरून बंद दिसतो, पण आंत वीज वाहतच असते. यंत्र थांबत नाहीं.

हे दोन्ही बिघाड एकाच डबींतले, एकाच किंमतीचे, आणि एकाच माणसानें अर्ध्या तासांत दुरुस्त करावयाचे. तरी त्यांच्या नशिबीं येणारी वागणूक किती भिन्न! यंत्र सुरू होत नसेल तर दहा वाजतां वीजतंत्र्याला निरोप जातो आणि दुपारच्या आंत नवा खटका बसतो. यंत्र थांबत नसेल तर मात्र ‘बघूं’, ‘पुढच्या आठवड्यांत’, ‘हें काम एकदां हातावेगळें होऊं द्या’, अशीं उत्तरें मिळतात. पहिल्या बिघाडानें काम अडतें, दुसऱ्यानें अडत नाहीं. दुसऱ्यानें केवळ हात धोक्यांत येतो. आमचें सर्व म्हणणें या एका भेदांत सांठविलेलें आहे. जो दोष कामाला अडवितो तो स्वतः बोलतो, व त्याचें सर्वांस ऐकावें लागतें. जो दोष माणसाला इजा करूं शकतो तो इजा होईपर्यंत मुका असतो. त्याच्या वतीनें कोणीतरी माणसानेंच बोलावें लागतें. आणि जेथें कोणी बोलत नाहीं, तेथें पहिलें भाषण पात्याचें होतें.

यावरून मालक निर्दय असतात असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो आम्हांस मान्य नाहीं. असले बहुतेक मालक स्वतः कारागीर असतात, आणि पुष्कळदां त्याच करवतीवर स्वतःही उभे राहतात. येथें निर्दयतेहून अधिक सामान्य व म्हणूनच अधिक घातक असें कांहीं घडत असतें. बिघाडाशीं माणसाची ओळख होते. थाप कोठें मारावी, किती जोरानें मारावी, हें हाताला कळूं लागतें. आणि त्या कळण्याला हळूहळू कौशल्याचा मान मिळतो. ‘ह्या यंत्राचा स्वभाव मला ठाऊक आहे,’ असें मिस्त्री अभिमानानें म्हणतो. परंतु यंत्राला स्वभाव नसतो. असते ती त्याची अवस्था. दोषाला स्वभाव म्हटलें कीं तो सुधारण्याची जबाबदारी संपते आणि सांभाळून घेण्याची सुरू होते. शिवाय हें ज्ञान मिस्त्रीच्या तळहातांत असतें, खटक्यावर लिहिलेलें नसतें. तो चार दिवस गांवीं गेला, आणि त्याच्या जागीं नवा मुलगा उभा राहिला, तर त्या मुलाला बंद म्हणजे बंदच असें वाटणार. त्याचें तसें वाटणें चूक नव्हे. खटका ही एक प्रतिज्ञा आहे. ‘मला खालीं केल्यावर हात पुढें न्यावयास हरकत नाहीं,’ असें तो प्रत्येकास सांगत असतो. ती प्रतिज्ञा खोटी झाली आहे हें ज्यांस ठाऊक आहे, ते गप्प राहून त्या खोट्या बोलण्यांत वांटेकरी होतात.

कोणी म्हणेल कीं खटका दाबल्यानेंही पातें क्षणार्धांत थांबत नाहीं. तें कांहीं सेकंद फिरतच राहतें. मग बोट वांचविण्याचें श्रेय खटक्याला कसलें? हें म्हणणें वस्तुस्थितीस धरून आहे, पण त्यानें आमचाच मुद्दा बळकट होतो. घात बहुधा मोटर चालूं असल्याचें भान असतांनाच होतो असें नाहीं. अडकलेला तुकडा काढावयाचा असतो, पातें बदलावयाचें असतें, खालचा भुसा ओढावयाचा असतो. अशा वेळीं यंत्र बंद आहे या विश्वासानें हात पुढें जातो. खटक्याचें खरें काम हा विश्वास खरा ठेवणें हें होय.

आपल्याकडील नित्याचा एक प्रघात येथें सांगणें अवश्य आहे. घरोघर कामाला जाणारे सुतार हातांत धरावयाचीच विजेची करवत उलटी करून प्लायवूडच्या पाटाखालीं बसवितात आणि तिचेंच मेज बनवितात. त्या यंत्राचा खटका बोटानें दाबून धरण्याचा असतो, आणि तो मुद्दाम तसा केलेला असतो. हात सुटला कीं यंत्र थांबावें हा त्यांतील हेतु. पण उलट्या करवतीचा खटका कोण दाबून धरणार? तेव्हां तो दोरीनें किंवा चिकटपट्टीनें कायमचा आवळून टाकतात, आणि चालूं-बंद करण्याचें काम भिंतीवरच्या बोर्डाकडे जातें. करवत चालूं असतां वीज गेली, सुतार चहाला उठला, बोर्डावरचें बटण तसेंच राहिलें. आणि वीज परत आली कीं करवत कोणीही न सांगतां आपली आपण फिरूं लागते. भारनियमन ज्यांनीं अनुभविलें आहे त्यांस यांतील भय निराळें सांगावयास नको. हें टाळणारा स्टार्टर जुनाच आहे. त्यांत विजेनेंच चुंबकित होणारी एक गुंडाळी खटक्याला धरून ठेवते; वीज गेली कीं ती पकड सोडते, आणि हिरवें बटण कोणीतरी पुन्हां दाबल्याशिवाय यंत्र सुरू होत नाहीं. रात्रीं येणाऱ्या विजेसाठीं आपले शेतकरी पंपाला ‘ऑटो’ बसवितात, तो नेमकी हीच सोय उलटवितो. सगळे पंप एकदम सुरू होऊन रोहित्रावर भार पडतो, म्हणून पंपावरही तो इष्ट नव्हे. परंतु पंपाला दांत नसतात, करवतीला असतात.

या स्टार्टरच्या मुळाशीं एक तत्त्व आहे, आणि तें सुतारकामापुरतें नाहीं. विश्रांति ही यंत्राची मूळ स्थिति समजावी. चालणें ही प्रयत्नानें टिकविलेली स्थिति असावी. आणि प्रयत्न तुटला कीं यंत्रानें आपोआप विश्रांतीकडे जावें. आगगाडीच्या इतिहासांत हें तत्त्व फार मोठी किंमत देऊन शिकावें लागलें. अमेरिकेंत जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनीं १८७२ सालीं असा ब्रेक सिद्ध केला कीं नळी तुटली तर तो निकामी होण्याऐवजीं लागे. आयर्लंडांतील आर्मा गांवाजवळ १२ जून १८८९ रोजीं मुलांना सहलीस घेऊन निघालेली एक गाडी चढावर अडली. गाडीचा कांहीं भाग आधीं पुढें न्यावा म्हणून डबे सोडविले. त्या गाडीचा ब्रेक जोडणी तुटतांच निकामी होणाऱ्या जातीचा होता; मागील डबे गार्डच्या हातब्रेकावर उभे राहिले, घसरले, आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारें ८० माणसें मेलीं. त्यांत मुलें पुष्कळ होतीं. आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा करणारा कायदा ब्रिटिश पार्लमेंटनें त्याच वर्षीं केला. उपाय ठाऊक होऊन तेव्हां सतरा वर्षें झालीं होतीं, आणि सरकारी निरीक्षक त्याचा आग्रहही धरीत आले होते. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ अशी आपली म्हण आहे. पण शहाणपण आधींच हातीं असतां ठेचेची वाट पाहणाऱ्यांसाठीं ती म्हण केलेली नाहीं.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप गरिबीचा. लहान धंदेवाल्याला यंत्र बंद ठेवणें परवडत नाहीं, असें म्हणतात. परंतु साध्या खटक्याची किंमत सुताराच्या एका दिवसाच्या मजुरीहून अधिक नसते. आणि यंत्र सुरू होईनासें झालें म्हणजे तोच खर्च त्याच दिवशीं परवडतो. तेव्हां अडचण पैशाची नसून क्रमाची आहे. दुसरा आक्षेप संमतीचा. ‘मिस्त्रीला ठाऊक आहे, तो राजीखुशीनें काम करतो.’ ज्याला नाहीं म्हटल्यास दुसऱ्या दिवशींची मजुरी दिसत नाहीं, त्याच्या राजीखुशीला किती मोल द्यावें हें वाचकांनींच ठरवावें. शिवाय नव्या मुलानें कसलीच संमति दिलेली नसते. त्याला विचारलेलेंच नसतें.

तिसरा आक्षेप असा कीं, हें काम कायद्याचें आहे, नीतीचें नव्हे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २४ व्या कलमांत, प्रत्येक कामाच्या दालनांत यंत्राची वीज तोडण्याचीं साधनें असावींत व तीं नीट राखावींत, तसेंच चुकून चालूं होऊं शकणारें साधन असल्यास तें बंद स्थितींत कुलूपबंद करण्याची सोय असावी, असें स्पष्ट लिहिलेलें होतें. पुढें २०२० सालीं संसदेनें असे जुने कायदे एका संहितेंत गोंवले. परंतु मूळ कायद्यांत वीज वापरणारा कारखाना म्हणजे किमान दहा कामगारांचा, आणि नव्या संहितेंत वीसांचा. तीन माणसांचा सुतारखाना तेव्हांही सामान्यतः या व्याख्येबाहेर होता, आजही आहे. जेथें कायदा पोंचत नाहीं तेथेंच नीतीचें काम अधिक असतें. चौथा आक्षेप असा कीं, यंत्रच शहाणें करावें. तेंही झालें आहे. अमेरिकेंतील स्टीफन गॅस या पदार्थविज्ञान जाणणाऱ्या वकिलानें १९९९ च्या सुमारास अशी युक्ति काढली कीं, पात्याला कातडीचा स्पर्श होतांच ॲल्युमिनियमचा ठोकळा दांतांत घुसून सुमारें पांच सहस्रांश सेकंदांत तें थांबतें. युक्ति स्तुत्य आहे. तथापि ओलें लांकूड कापतांना ती उगाच चालूं नये म्हणून तात्पुरती बंद ठेवण्याची सोय त्या यंत्रांतही ठेवावी लागली आहे. म्हणजे ‘आतां संरक्षण असावें कीं नसावें’ हा निर्णय शेवटीं माणसाच्याच हातीं आला.

तात्पर्य, कर्तव्य फारसें गूढ नाहीं. बिघाड ज्याला प्रथम कळला त्यानें भिंतींतील प्लग काढावा, यंत्रावर पाटी लावावी, आणि सर्वांस मोठ्यानें सांगावें. मालकानें तें ऐकून त्याच दिवशीं खटका बदलावा. आणि मुख्य म्हणजे सांगणाऱ्याला ‘काम अडविणारा’ ठरवूं नये, कारण एकदां तसें ठरविलें कीं पुढच्या वेळीं कोणी सांगणार नाहीं. मिस्त्रीनें आपली थापेची हातोटी नव्या मुलाला शिकवूं नये. आणि कपाट सणाच्या आधीं घरीं आलेंच पाहिजे असा तगादा लावणाऱ्या आपल्यासारख्या गिऱ्हाइकांनींही आपण कोणत्या घाईचे धनी आहोंत याचा विचार करावा.

एखादा कारखाना, एखादी कचेरी किंवा एखादें घर कितपत सुव्यवस्थित आहे हें पाहण्यासाठीं फार तपास करावा लागत नाहीं. काम अडविणारी तक्रार आणि माणसाला धोका सांगणारी तक्रार, अशा दोन तक्रारी एकाच सकाळीं आल्या असतां दुपारपर्यंत कोणती मिटते, तेवढें पाहावें. पहिली मिटवावयास हुशारी पुरते. दुसरी त्याच दुपारीं मिटावी असें ज्यांस वाटत असेल, त्यांनीं ती आधीं मिटविण्याचा नेम करावा. कारण तिची आठवण करून देणारें दुसरें कोणीही तेथें नसतें.