जाळीपुढची दोन पावलं

नांदेडला श्री गुरु गोबिंदसिंघजींच्या नावाने अखिल भारतीय हॉकी स्पर्धा भरते. गोल्ड आणि सिल्व्हर चषकासाठी देशभरातले संघ येतात, गर्दीची नजर चेंडूमागे धावते. पण पाहत राहावा असा माणूस एका टोकाला उभा असतो. तो गोलकीपर.

त्याच्यापुढचं गणित निर्दय आहे. चांगला ड्रॅग-फ्लिक ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जातो. ज्यातून गोल मारता येतो त्या ‘डी’ची कड जाळीपासून 14.63 मीटरवर, म्हणजे चेंडू अर्ध्या सेकंदात अंगावर. त्यातला सेकंदाचा पाचवा हिस्सा तर डोळ्यांना दिसलेलं हातापायांना कळण्यातच जातो, आणि सरावाने तो फारसा घटत नाही. मग वर्षानुवर्षं घाम गाळून माणूस सुधारतो तरी कशात?

तो वजाबाकी शिकतो. फटक्याआधी खाली पडणारे हात, टाचांवर गेलेला भार, नकळत मागे सरकलेलं पाऊल, ऐन वेळी वळणारी मान हे सगळं एकेक करून गळून जातं. दुसऱ्या खेळांतही हेच. लॅक्रॉस या खेळाची जाळी जेमतेम 1.83 मीटर उंच आणि तेवढीच रुंद, चेंडू मात्र हॉकीहून वेगवान. तिथेही पहिला धडा चेंडूच्या दिशेने पाऊल टाकण्याचाच असतो. भीती शरीराला नेमकं उलट सांगत असते.

दुसरा धडा जागेचा. हॉकीची जाळी 3.66 मीटर रुंद. गोलकीपर रेषेवरून दोन मीटर पुढे आला, की ‘डी’च्या कडेवरून समोरून येणाऱ्या चेंडूसाठी त्याला सुमारे 3.16 मीटरच राखावे लागतात. अर्धा मीटर फुकट मिळत नाही. त्यापायी सेकंदाचे सात शतांश जातात. आणखी पुढे यावं तर डोक्यावरून चेंडू जाण्याची धास्ती. किती पुढे यायचं, हा निर्णय प्रत्येक चालीला नव्याने घ्यायचा.

सरावाचं महत्त्व लातूर-नांदेडला कुणी सांगायला नको. परीक्षेच्या तयारीचा ‘लातूर पॅटर्न’ उभाच राहिला तो पुन्हा पुन्हा पेपर सोडवण्यावर. 2025 च्या ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत 180 मिनिटांत 180 प्रश्न होते. न येणारा सोडून पुढे जाता येत होतं. गोलकीपरला चेंडू सोडून देता येत नाही. त्याचा सराव उत्तरं पाठ करण्यासाठी नसतोच. न पाहिलेल्या प्रश्नापुढे नीट उभं राहता यावं, यासाठी असतो.

म्हणूनच निव्वळ निकालावरून त्याची पारख होत नाही. गोलकीपर शंकर लक्ष्मण ज्या संघात होते, त्या भारताने 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये एकही गोल खाल्ला नाही. 1960 मध्ये रोमच्या अंतिम सामन्यात एकच गोल झाला आणि सुवर्ण गेलं. कितीतरी वर्षांनी टोकियो ऑलिंपिकमध्ये कांस्यपदकाच्या लढतीत जर्मनीने भारताचा गोलकीपर श्रीजेशवर चार गोल केले. तरी शेवटच्या क्षणांतला पेनल्टी कॉर्नर अडवून विजयाचा नायक तोच ठरला. नीट उभा असलेलाही गोल खातो, चुकीच्या जागी असलेल्याला कधी खांब वाचवतो.

शहाणा प्रशिक्षक म्हणून गोल झाल्यावर आधी गुणफलक पाहत नाही. ‘फटका बसला तेव्हा तू कुठे उभा होतास?’ एवढंच विचारतो. गुणांची आणि रँकची सवय झालेल्या आपल्या गावांत मुलांना हा प्रश्न फार क्वचित विचारला जातो.