पाचवे कारण : परभणी जिल्हा आणि दैवाचा प्रश्न

कोणतेही कर्म घडून येण्यास पाच कारणे लागतात, असे भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात सांख्य सिद्धान्ताच्या आधाराने सांगितले आहे. ती कारणे म्हणजे अधिष्ठान, अर्थात कर्माचा आधार, कर्ता, करण, म्हणजे साधने, चेष्टा, म्हणजे त्या साधनांचे निरनिराळे व्यापार, आणि पाचवे दैव. शंकराचार्यांनी अधिष्ठान म्हणजे शरीर आणि दैव म्हणजे इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या आदित्यादी देवता असा अर्थ घेतला असल्यामुळे मूळ विवेचन एका देहापुरते आहे, आणि ते एखाद्या जिल्ह्याला लावणे ही ओढाताण ठरू शकते. तरीही परभणी जिल्ह्याची सामाजिक आणि आर्थिक घडण तपासताना ही वर्गवारी उपयोगी पडते, कारण ज्या प्रदेशात पेरणी पावसावर आणि बाकीचे सगळे पेरणीवर अवलंबून आहे तिथे ‘दैव’ हा शब्द पोथीतला राहत नाही, तो बाजाराच्या दिवशीही बोलला जातो.

अधिष्ठान थोडक्यात सांगता येते. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेला आणि १९९९ मध्ये हिंगोली वेगळा झाल्यावर नऊ तालुक्यांचा उरलेला हा जिल्हा २०११ च्या जनगणनेत १८,३६,०८६ लोकवस्तीचा होता आणि त्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक लोक खेड्यांत राहत होते. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यांतली काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल इतक्या भेगा पाडते आणि पावसात फुगून त्या बुजवते. ती ओल धरून ठेवते म्हणून कापूस, तूर आणि रब्बी ज्वारी इथे टिकली, आणि अलीकडे सोयाबीनने बरेच क्षेत्र व्यापले.

कर्ता कोण, हे मात्र इतके सरळ नाही. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे स्वतःच्या किंवा खंडाने घेतलेल्या जमिनीत राबणारा, किंवा नुसती देखरेख करणाराही, ‘शेतकरी’ ठरतो, तर मजुरीवर दुसऱ्याच्या जमिनीत काम करणारा ‘शेतमजूर’ ठरतो आणि त्याला शेतीतली जोखीम नसते असे ती व्याख्याच सांगते. पाऊस हुकला तर निंदणी-वेचणीचे काम आधी बंद पडते आणि मजुरीचा पहिला खाडा याच माणसाच्या घरी पडतो, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘जोखीम’ या शब्दाचा अर्थ इथे केवळ भांडवलाची जोखीम असा उरला आहे, पोटाची जोखीम त्यात धरलेली नाही, हे उघड होते.

याहून बोलका शब्द ऊसतोडीच्या व्यवहारात सापडतो. गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या तालुक्यांच्या डोंगराळ भागांतून आणि तांड्यांवरून अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांकडे जातात. मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा मध्यस्थ, त्यांना हंगामापूर्वीच ‘उचल’, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो आणि हिशेबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ असे मोजले जातात. गीतेने कर्ता आणि करण ही दोन वेगळी कारणे मानली, पण या हिशेबात दोन कर्ते मिळून एक करण होतात, आणि दोघांपैकी बाईचे काम तर वेगळे मोजलेच जात नाही.

जनाबाई याच गंगाखेडची, हा योगायोग असला तरी अर्थहीन नाही. नामदेवांच्या घरी दासी म्हणून वाढलेल्या या संत कवयित्रीने आपली ओळख दासी म्हणूनच सांगितली, आणि तिच्या नावावरच्या अभंगपरंपरेत विठ्ठल तिच्याबरोबर दळतो, शेण्या वेचतो. भक्तीने कष्टाला गोड आवरण घातले आणि दास्याचा प्रश्न बाजूला पडला, असा आक्षेप यावर घेता येतो व तो सहज टाकून देण्यासारखा नाही. परंतु जात्याच्या खुंट्याला दुसरा हात लागतो या कल्पनेत राबणाऱ्या बाईला कर्ता म्हणून, तेही देवाच्या बरोबरीने, स्थान मिळते, हेही तितकेच खरे आहे. उचलीच्या हिशेबाने तिला एवढेही दिलेले नाही.

करणांची उणीव जिल्ह्यात आहे असे म्हणता येत नाही. पूर्णेवर येलदरी धरण आहे, पैठणच्या जायकवाडी प्रकल्पाचा डावा कालवा जिल्ह्यात पोचतो, आणि १९७२ पासून इथे कृषी विद्यापीठ आहे, ज्याच्या ‘परभणी क्रांती’ या भेंडीच्या वाणाने केवडा रोगाला तोंड देऊन जिल्ह्याचे नाव दूरवरच्या भाजीबाजारांत नेले. पण जायकवाडीत पाणी किती येणार हे वरच्या नाशिक-नगरच्या धरणांवर ठरते आणि त्यातले कालव्याच्या शेवटाला किती पोचणार हे मधल्या शेतांवर. सोयाबीनचा भाव खाद्यतेलाच्या आयातशुल्कावर हलतो, आणि ते दिल्लीत ठरते. शेतात उभ्या असलेल्या माणसाला यातले काहीच दिसत नाही. त्याच्यापर्यंत फक्त फळ पोचते, आणि त्याला तो दैव म्हणतो.

योगवासिष्ठात वसिष्ठ रामाला सांगतात की दैव म्हणून वेगळे काही नसते, पूर्वी केलेला पुरुषार्थच पुढे त्या नावाने समोर उभा राहतो. हे मत मानले तर ‘बनी तो बनी, नहीं तो परभनी’, म्हणजे जमले तर जमले, नाही तर परभणी आहेच, ही दखनी वळणाची म्हण आळशी ठरते. पण वसिष्ठांच्या युक्तिवादात एक गृहीत दडलेले आहे, ते असे की पूर्वी करणारा आणि आज भोगणारा एकच आहे. परभणीत अडचण नेमकी इथे येते, कारण कालव्याचा, शुल्काचा, जमिनीच्या वाटपाचा पूर्वपुरुषार्थ एकाचा आणि त्याचे दैव दुसऱ्याचे, अशी ती विभागणी आहे. केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याची बुद्धी अपुरी, असे गीता पाच कारणांच्या लगेच पुढे म्हणते. शेतकऱ्याच्या अपयशाचे माप केवळ त्याच्याच पदरात घालणारी धोरणेही त्याच अपुऱ्या बुद्धीची म्हणावी लागतील.

शासनाने मात्र दैवाचे माप घेण्याची एक रीत पूर्वीपासून ठेवली आहे. तिला आधी आणेवारी म्हणत, आता पैसेवारी म्हणतात. पीक कापणी प्रयोगासाठी ठरवून दिलेल्या शेतात ठरावीक लांबी-रुंदीचा तुकडा दोरीने आखतात, त्यातले पीक कापून, मळून, उफणून काट्यावर तोलतात आणि त्या वजनाची प्रमाण उत्पादनाशी तुलना करून गावाचा आकडा काढतात. हंगामात तो नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम असा तीनदा जाहीर होतो, आणि ५० पैशांच्या आत आला तर गाव टंचाईच्या यादीत बसते. त्यानंतर पिकाच्या नुकसानीची मदत येते ती सातबारावरच्या नावाला. अंतिम पैसेवारी लागते तोवर डिसेंबर उजाडलेला असतो आणि ज्यांना जोखीम नाही असे जनगणना सांगते त्यांचे कोयते केव्हाच फडावर पोचलेले असतात.