लापशीतलं ‘हृद्य’

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

आजचे चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक ८

मंडळी, सतराव्या अध्यायात अर्जुन विचारतो श्रद्धेबद्दल, आणि भगवंत उत्तर देता देता थेट आपल्या ताटापाशी येतात. सात्त्विक माणसाला आवडणारा आहार कसा असतो? आयुष्य, सत्त्व, बळ, आरोग्य, सुख आणि प्रीती वाढवणारा. आणि त्याच्या चार खुणा : रस्य, स्निग्ध, स्थिर, हृद्य. रसाळ, तुपातुधाचा, पोटात टिकणारा आणि मनाला भावणारा.

मी हा श्लोक बरीच वर्षं चेकलिस्टसारखा वाचला. इंजिनिअरची खोड, दुसरं काय!

आई गेल्यापासून अण्णांनी सकाळची न्याहारी सोडली होती. कपभर चहा घ्यायचा आणि द्राक्षाच्या प्लॉटवर निघायचं. मी तेव्हा नुकताच पुण्याहून पलूसला घरून काम करायला आलो होतो. येताना ओट्सचा डबा आणि ब्लूबेरीचं पाकीट घेऊन आलो. अण्णांनी दोन दिवस मुकाट्यानं खाल्लं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "नगं रं. चहा बास."

मग मला डब्यातला खपलीचा दलिया आठवला. आपल्या कृष्णाकाठचा हा गहू. टरफल दाण्याला इतकं घट्ट धरून असतं की कांडल्याशिवाय सुटत नाही. आई त्याची सणाला खीर करायची. मी रोजची साधी लापशी करायची ठरवली. एक वाटी दलिया रात्री भिजवायचा. सकाळी निथळून चमचाभर तुपावर परतायचा, तीन वाट्या गरम पाणी आणि चिमूटभर मीठ घालून कुकरला मऊ शिजवायचा. नंतर दूध, वेलची. गूळ मात्र गॅस बंद करून, जरा निवल्यावर. उकळत्या दुधात गूळ टाकला की दूध फाटतं, हे मी दोनदा फाडून शिकलो.

आणि वरून द्राक्षं. फेब्रुवारीत तोडणी चालू असली की घड साफ करताना सुटे मणी पडतात, ते अण्णा वाटीभर आणायचे. (शेवटच्या फवारणीला किती दिवस झाले हे त्यांना पाठ असतं. तरी कोमट मिठाच्या पाण्यातून धुऊन घ्यावेत.) मणी मधोमध चिरून अगदी शेवटी घालायचे, नाहीतर त्यांच्या आंबटपणानंही दूध बिघडतं. गंमत म्हणजे वनस्पतिशास्त्रात द्राक्ष ही खरीखुरी बेरी आहे आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी नाही! मी पुण्याहून बेरी विकत आणली आणि बेरी दारात पिकत होती.

तर, चेकलिस्ट पूर्ण. द्राक्ष म्हणजे रस्य, तूप म्हणजे स्निग्ध, खपली म्हणजे स्थिर. गोड आहे म्हणजे हृद्यही झालंच, असं मी धरून चाललो.

पहिल्या दिवशी साडेआठला वाटी अण्णांसमोर ठेवली आणि "खाऊन घ्या हं" म्हणत लॅपटॉपवर गेलो. साडेआठची मीटिंग होती. त्यात प्रॉडक्शनवर काहीतरी पडलं, ते निस्तरत बसलो. बाहेर आलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. वाटी तशीच. वर साय धरलेली, द्राक्षं कडेनं काळवंडलेली. अण्णा प्लॉटवर निघून गेलेले.

राग आला, खोटं कशाला सांगू? संध्याकाळी बोललोही, "अण्णा, एवढं पहाटे उठून केलं, निदान दोन घास तरी..."

ते शांतपणे म्हणाले, "तुझी वाट बघत होतो. एकट्यानं बसून काय खायचं रं? तुझी आई समोर बसायची."

त्या रात्री परत सतरावा अध्याय उघडला. आठव्या श्लोकाच्या दोनच श्लोक पुढे तामस आहार येतो, आणि त्याची पहिली खूण : शिजवून प्रहर उलटून गेलेलं, रस गेलेलं अन्न. प्रहर म्हणजे तीन तास. साडेआठ ते साडेअकरा. आठव्या श्लोकातली लापशी माझ्या घरात एका सकाळी दहाव्या श्लोकात जाऊन बसली होती. जिन्नस तेच, वाटी तीच.

माऊली याच ठिकाणी सांगतात की सात्त्विक अन्न दिसायला थोडं, पण तृप्ती अपार देणारं, गुरूच्या तोंडून आलेल्या अक्षरासारखं. मी इतके दिवस त्यातलं 'थोडं' एवढंच वाचलं होतं, डाएटच्या हिशोबानं. पण गुरूचं अक्षर कुणी टेबलावर ठेवून निघून जात नाही. ते समोर बसून दिलं जातं. आणि भगवंतांच्या सहा गोष्टींत प्रीती शेवटी येते, ती दलियात नसते. ती वाढणाऱ्याला घेऊन बसावी लागते.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरला विचारून मीटिंग नऊवर नेली. विचारायला दोन मिनिटं लागली. दीड वर्षात कधी विचारलंच नव्हतं.

आता आठला आम्ही दोघं स्वयंपाकघरात पाट टाकून बसतो. मोबाईल बाहेर. बोलणं फारसं होत नाही. भाव काय निघाला, ढग आलेत का, औदुंबरला गुरुवारी जायचं का, एवढंच. परवा अण्णांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "गूळ कमी झालाय. तुझी आई जरा जास्त घालायची."

मी उठून गुळाचा डबा आणला.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥